रेखाटन, माती आणि निळा थर

रेखाटन आणि शिल्पकलेचा दोन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम मी या मे महिन्यात पूर्ण केला. नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग आणि शनिवार-रविवारी दिवसभर स्टुडिओ. प्रवेश घेण्याआधी मी इंटरनेटवर बरंच शोधलं होतं. माहितीपत्रकं ढीगभर मिळाली. पण आत गेल्यावर नेमकं काय होतं, पैसे कुठे कुठे जातात, आणि असं पद्धतशीर शिकून हाताची स्वतःची ढब सापडते की होती तीही जाते, हे कुणी सरळ लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे.

आधी माझी स्थिती सांगते. मी शाळेपासून चित्रं काढते आणि माझी एक ठरलेली पद्धत होती: बारीक पेन, कुठेही न तुटणारी बाह्यरेषा, लांबट माना, अर्धवट मिटलेले डोळे. ओळखीचे लोक लांबूनच ‘हे तुझंच’ म्हणायचे. मला मात्र त्याचा कंटाळा यायला लागला होता. समोर कुणीही बसलं तरी कागदावर तोच एक चेहरा उमटायचा.

अर्जाची मुदत जानेवारीअखेर होती. पंधरा कामं मागितली होती, त्यातली निम्मी तरी प्रत्यक्ष समोर पाहून केलेली हवीत, फोटोवरून केलेली चालणार नाहीत, अशी अट. माझ्याकडे प्रत्यक्ष पाहून केलेलं जवळजवळ काहीच नव्हतं, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर घरातल्या खुर्च्या, चपला, कढया, झोपलेली माणसं काढण्यात गेले. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी हे आधीच सुरू करावं. निवड करणाऱ्यांना चपलेचं प्रामाणिक चित्र कल्पनेतल्या परीपेक्षा जास्त सांगतं, हे मला नंतर आमच्या रेखाटनाच्या सरांकडूनच कळलं.

कामांचे फोटो खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात काढा, फ्लॅश नको. पेन्सिलचा ग्राफाइट चकाकतो आणि गडद भाग करडा दिसतो. प्रत्येक फाइलचं नाव ठरलेल्या पद्धतीनं द्यायचं होतं: अर्ज क्रमांक, कामाचा अनुक्रमांक, माध्यम, माप. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. ठरलेल्या आकारापेक्षा फाइल मोठी असली की संकेतस्थळ काहीही न सांगता ती टाकून देत होतं, त्यामुळे अर्ज भरल्यावर ‘पूर्वदृश्य’ उघडून पंधराही कामं दिसतात का ते मोजून घ्या.

मार्चअखेर उत्तर आलं: प्रतीक्षायादी. त्यानंतर एप्रिल आणि मे नुसते वाट पाहण्यात गेले. यादीत मी कितवी, हे पत्र पाठवून विचारता येतं आणि ते सांगतातही. विचारायला लाजू नये. जूनच्या सुरुवातीला अचानक मेल आला की जागा झाली आहे, चार दिवसांत पहिला हप्ता भरा. प्रतीक्षायादीत असाल तर पैसे बाजूला काढून ठेवा, नाहीतर जागा पुढच्याला जाते.

खर्चाचं एकदाच सांगून टाकते. फी तीन हप्त्यांत घेतात आणि ती आधी माहीत असते. माहीत नसतं ते बाकीचं. लॉकरची अनामत, साहित्याची अनामत, भट्टीचं शुल्क वजनावर, आणि मॉडेलचं मानधन. हे मानधन आमच्याकडे फीमध्ये धरलेलं नव्हतं. ते वर्गातल्या हजर मुलांत वाटलं जायचं. पहिल्या सत्रानंतर गळती सुरू झाली तसा उरलेल्यांचा वाटा वाढत गेला. प्रवेशाआधी हा एक प्रश्न जरूर विचारा. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त पैसे कागदावर गेले. न्यूजप्रिंटचे गठ्ठे चौघांनी मिळून घ्यावेत, आणि चांगला जाड कागद पहिले सहा महिने घेऊच नये. मातीकामासाठी तारेच्या कड्याचं एकच हत्यार पण चांगलं घ्यावं. कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायचा चिमटा, विकत घ्यायची गरज नाही. लाकडाच्या दोन वाकड्या पट्ट्या स्क्रूनं जोडल्या की काम भागतं.

जुलैत वर्ग सुरू झाले, ते फक्त रेखाटनाचे. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाच्या पोझ, मग एक, दोन, पाच मिनिटांच्या. अर्ध्या मिनिटात बाह्यरेषा काढून होत नाही. डोक्यापासून सुरू केलं तर खांद्यापर्यंत पोचेतो मॉडेल पुढच्या पोझमध्ये. सर मागून म्हणायचे, ‘वजन कुठल्या पायावर आहे तेवढंच काढ.’ चारकोल हातात सरळ धरायचा नाही, आडवा धरून खांद्यापासून हात फिरवायचा. माझी बारीक पेनं पहिल्याच आठवड्यात लॉकरमध्ये गेली.

मग लांब पोझ. एकच पोझ कित्येक आठवडे, दर शनिवारी तीच, जमिनीवर चिकटपट्टीनं पायांच्या खुणा केलेल्या. इथे ओळंबा आला. दोऱ्याला वजन बांधून हात लांब करून धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि पाहायचं की गळ्याच्या खळीच्या बरोबर खाली काय येतं: घोटा, टाच, की दोन पायांमधली मोकळी जागा. डोळे किलकिले करून आधी फक्त दोनच भाग पाडायचे, उजेड आणि सावली. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या मधोमध येते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण माझं चित्र मोजलं की डोळे दर वेळी वर सरकलेले निघायचे, कारण चेहऱ्यात आपल्याला रस असतो आणि कवटीत नसतो.

याच काळात नकलाही करायच्या होत्या. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकारानं जेरोम या दुसऱ्या चित्रकाराच्या साथीनं १८६० आणि ७०च्या दशकांच्या सांध्यावर तयार केलेले शिलामुद्रित (दगडावरून छापलेले) नमुने: आधी सरळ कोनांत बांधलेली आकृती, शेजारी पूर्ण छाया दिलेली. कित्येकांना हे जुनाट वाटतं. मला त्यात एक दिलासा मिळाला. व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा, १८८०-८१मध्ये, हेच नमुने गिरवले होते, आणि १८९०मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, पुन्हा हाती घेतले. एवढं गिरवूनही त्याचा हात कुणासारखा झाला नाही.

दिलाशाची गरज होती, कारण ऑक्टोबरपर्यंत मी चांगलीच घाबरले होते. सत्राच्या मध्याला सगळ्यांची लांब पोझची चित्रं भिंतीवर लावली तेव्हा माझं कुठलं ते मला पटकन सापडलं नाही. सगळी चांगली होती आणि सगळी एकसारखी होती. एका मैत्रिणीनं तर तिथेच ठरवलं की हे आपल्याला नको, आणि ती खरंच सोडून गेली. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, ‘पहिल्या वर्षात शैलीचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या वर्षात तूच मला सांगशील.’ उत्तर म्हणून हे तेव्हा मला मुळीच पटलं नव्हतं. शिक्षकांची ही सोयीची वाक्यं असतात, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलंही आहे.

जानेवारीत शिल्पाचा स्टुडिओ उघडला. आत पाऊल टाकण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण आणि त्यावर सही. ते कंटाळवाणं असलं तरी लक्ष देऊन ऐका. वाळलेली माती कोरडी घासायची नाही, झाडायचीही नाही, कारण तिच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठते. ओल्या फडक्यानं पुसायचं. प्लास्टर नळाच्या मोरीत धुवायचं नाही, पाइपात दगड होतो. आणि प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवायचा नाही. जमताना ते तापतं आणि जाड थरात भाजण्याइतकं तापू शकतं.

पहिलं काम डोकं, खऱ्या मापाचं. लाकडी फळीवर लोखंडी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या तारेचा फुगा, आणि आतून तारेनं लटकवलेल्या लहान लाकडी फुल्या. त्यांना स्टुडिओत फुलपाखरं म्हणतात. ओल्या मातीचं वजन खाली ओढतं. फुलपाखरं नसतील तर सकाळी हनुवटी छातीवर आलेली असते. माती थापायची नाही, सुपारीएवढ्या गोळ्या करून अंगठ्यानं एकेक दाबत जायचं. रात्री ओलं फडकं आणि वर प्लास्टिकची पिशवी. सुट्टीत घरी जाणार असाल तर फडकं ओलं करायला कुणालातरी सांगून जा आणि त्याबद्दल त्याचं ओलं करा.

माझी बाह्यरेषेची सवय इथे पहिल्याच दिवशी निकामी झाली. मातीत बाह्यरेषा नसतेच. समोरून जी कड दिसते ती फिरतं स्टँड बोटभर सरकवलं की कड राहत नाही, तो गालाचा मधला भाग होतो. शिल्प शिकवणाऱ्या मॅडमची पद्धत अशी: एका बाजूची कड पाहायची, तेवढी माती लावायची, मग मॉडेल आणि स्टँड दोन्ही थोडं फिरवायचं, पुन्हा नवी कड. फ्रेंच शिल्पकार रोदँ असंच काम करायचा, एकामागून एक कडा पकडत. पहिले काही आठवडे माझं डोकं समोरून बरं आणि बाजूनं चपटं होतं. मॅडमनी कॅलिपर लावून दाखवलं: कपाळापासून मागच्या टोकापर्यंतची खोली ही हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीच्या जवळपास असते. कान त्या खोलीच्या मध्याच्या मागे बसतो. मी तो इतका पुढे आणला होता की कवटीला मागे जागाच उरली नव्हती. ‘अगं, हिचा मेंदू कुठे ठेवणार आहेस?’ मॅडम म्हणाल्या.

कोपऱ्यात फ्रेंच शिल्पकार उदाँच्या १७६७च्या त्वचाविरहित पुतळ्याची प्लास्टरची प्रत होती. कंटाळा आला की मी तिच्या मानेचे स्नायू हातानं चाचपत बसायची. शिल्प शिकणाऱ्याला ही परवानगी असते, हात लावायची. कानामागच्या हाडापासून निघून गळ्याच्या खळीपर्यंत येणारा तिरका स्नायू मी कितीदा चित्रात काढला होता. तो दोरीसारखा वर चिकटलेला नसून आतल्या नळकांड्याभोवती वळत येतो, हे बोटांना कळलं तेव्हा कुठे डोळ्यांना दिसलं.

मार्चच्या मध्याला मातीचं डोकं मान्य झालं आणि मी साच्यासाठी नाव लावलं. प्लास्टरची खोली एका वेळी दोघांनाच मिळते. रांग लांब होती. तेवढे दिवस डोकं ओलं ठेवत बसले. नाव माती मान्य होण्याची वाट न पाहता आधीच लावावं, मान्यता लांबली तर तारीख बदलून मिळते.

आता या साच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या बाबतीत जे काही घडलं ते इथेच.

आम्ही केला तो एकदाच वापरायचा साचा. त्यात मातीचं मूळ काम नष्ट होतं, साचाही फोडावा लागतो, हाती राहते प्लास्टरची एकच प्रत. आधी कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत पातळ पितळी पत्र्याचे तुकडे मातीत खोचून डोक्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करायचे. मग प्लास्टर कालवायचं: पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी कधीच ओतायचं नाही. पृष्ठभागावर कोरडी बेटं दिसायला लागली की थांबायचं, ती भिजू द्यायची, मग हात पाण्याखाली ठेवूनच ढवळायचं म्हणजे हवा शिरत नाही. पहिल्या थराच्या पाण्यात निळा रंग घालतात. हा निळा थर बोटांनी उडवत, फुंकत, प्रत्येक खाचेत जाईल असा द्यायचा, अर्धा सेंटिमीटर जाडीचा. त्यावर पातळ मातीचं पाणी फिरवायचं आणि वर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर, काथ्या घालून.

रंग कशासाठी, तर नंतर साचा छिन्नीनं फोडताना निळं दिसलं की समजायचं, आपलं काम आता अर्ध्या सेंटिमीटरवर आहे, हात हलका करा. बाकी त्याचा काही उपयोग नाही.

साचा उघडून माती ओरबाडून काढली तेव्हा वाईट वाटलं. इतक्या महिन्यांचं तोंड बादलीत. साचा धुवून आतून मऊ साबणाचे हात दिले, दोन्ही भाग बांधले, प्लास्टर ओतून फिरवलं. दुसऱ्या दिवशी बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडा. पांढरा थर मोठ्या ढलप्यांनी निघतो. निळा मात्र कपच्याकपच्यांनी निघतो. आधी कपाळ उघडं पडलं, मग गालाचं हाड, नाकाचा शेंडा. उंच भाग स्वच्छ पांढरे निघत गेले. पण कानाच्या आतली वळणं, नाकपुड्या, डोळ्याचा आतला कोपरा, ओठांचा सांधा, हनुवटीखालचा वळसा आणि गळ्याची खळी, इथे निळा अडकून राहिला.

मॅडमनी बारीक टोकदार हत्यार दिलं, म्हणाल्या, ‘आता हे साफ कर.’ मी स्टँडपासून मागे सरकले, हात पुसायला. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरं डोकं. कडा दिसतच नव्हत्या, भिंतीत मिसळून गेल्या होत्या. दिसत होती ती फक्त निळी आतली ठिकाणं. आणि तेवढ्यावरून चेहरा पूर्ण कळत होता, अगदी त्या माणसाचा. मी म्हटलं, ‘मॅडम, आठवडाभर असंच राहू दे?’ त्या म्हणाल्या, ‘राहू दे, पण जागा अडवू नकोस.’ मी ते खिडकीखाली नेऊन ठेवलं.

त्या आठवड्यात मी त्या डोक्याची रेखाटनं केली. एका बाजूला दिवा, आणि चारकोल फक्त जिथे आकार आत जातो तिथे. बाहेरची कड काढायचीच नाही. इतकी वर्षं मी नेमकं उलट करत आले होते: कड आधी, आतलं नंतर. सरांनी पाहिलं.

‘कड कुठे गेली?’

‘ठेवली नाही.’

‘मग नकोच ठेवू. पण आता चुकायला जागा नाही, कळतंय ना?’

ते कळायला दोन दिवस लागले. बाह्यरेषा असली की तिच्या आत डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चेहरा चेहराच राहतो. कडच नसेल तर नाकपुडी आणि ओठांचा सांधा यांतलं अंतर कागदावर अधांतरी असतं. ते जरा चुकलं की सगळंच विस्कटतं, नुसते डाग उरतात. म्हणजे ज्या ओळंब्याला आणि मोजमापाला मी वैतागले होते, त्याच्याशिवाय हे चित्र उभंच राहणार नव्हतं. सहा महिने आधी हाच निळा थर मला कुणी दाखवला असता तर मी बहुधा तो साफ केला असता.

मेमध्ये पहिल्या वर्षाचं मूल्यमापन झालं. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं: ‘अंतिम सफाई अपूर्ण’, आणि सफाईच्या रकान्यात गुण कापलेले. मी गुणांच्या पुनर्विचाराचा अर्ज केला. निकालानंतर पंधरा दिवसांची मुदत, वेगळं शुल्क, कारण दोनशे शब्दांत. सोबत मी प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो आणि त्या आठवड्यातली रेखाटनं जोडली. जवळपास दीड महिन्यानं उत्तर आलं: गुण तेच, पण ‘विद्यार्थिनीनं रंगाचा अवशेष हेतुपुरस्सर ठेवल्याचे स्पष्टीकरण नोंदवले आहे’ अशी एक ओळ फाइलवर चढली. त्या ओळीचा दुसऱ्या वर्षी उपयोग झाला, कारण प्रकल्पाच्या प्रस्तावात मला ‘पूर्वीच्या कामाशी संबंध’ दाखवायचा होता. तेव्हा प्रक्रियेचे फोटो काढत राहा. हात मातीनं भरलेले असतात आणि फोनला हात लावावासा वाटत नाही हे खरं, पण एक जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावा.

दुसऱ्या वर्षी स्वतःचा विषय निवडायचा होता. मी पाठ निवडली, वाकलेल्या माणसाची. चेहऱ्यात खाचा भरपूर असतात आणि काम आयतं होतं, म्हणून मला खाचा कमी असलेलं काहीतरी हवं होतं. पाठीत काय असतं? कण्याची पन्हळ, खांद्याच्या पात्याची कड, कमरेवरच्या दोन खळ्या. बस. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यानं पाठीची चार मोठी उठावशिल्पं केली आहेत, १९०८-०९पासून १९३०च्या आसपासपर्यंत, तोच विषय पुन्हा पुन्हा घेऊन. पहिल्यात स्नायू न् स्नायू दिसतो; शेवटच्यात उरतात ते जवळजवळ तीन उभे खांब. मी त्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून ठेवले होते. दोन दशकं एका पाठीवर घालवलेली पाहिली की आपली घाई कमी होते.

कामाचा क्रम मी इथे बदलला. नेहमी आधी रेखाटन आणि मग शिल्प असं शिकवतात. मी आधी मॉडेलवरून माती, मग त्या मातीवरून दिव्याखाली रेखाटनं, मग रेखाटनात जे टिकलं तेवढंच ठेवून पुन्हा माती, असं करत गेले. रेखाटनात अनावश्यक गोष्टी आपोआप गळतात. मातीत त्या गळत नाहीत, कारण माती लावायला मजा येते.

डिसेंबरच्या आसपास एक विचित्र गोष्ट झाली. मॅडम एका पाठीकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, ‘आता तू निळ्यासाठी खड्डे पाडायला लागलीस.’ आणि खरंच, कण्याची पन्हळ मॉडेलच्या पाठीपेक्षा दुप्पट खोल झाली होती. आपली ढब सापडली असं वाटलं की हात तिची नक्कल करू लागतो. पेनच्या जमान्यातही हेच झालं असणार, फक्त तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. उपाय म्हणून मॅडमनी पुढचे दोन साचे पिवळ्या मातीच्या रंगाचे करायला लावले, तोही इतका फिका की दिसेल न दिसेल. खाचा पुन्हा आपल्या मापावर आल्या.

तेव्हा शिल्पकार जाकोमेत्तीबद्दल वाचलेलं आठवत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या आकृत्या काही केल्या लहान लहान होत गेल्या, काड्यापेटीत मावतील इतक्या. नंतर त्यानं लिहिलं की रेखाटनामुळे त्याला मोठ्या आकृत्या कराव्याशा वाटल्या, पण त्या उंच आणि सडपातळ झाल्या तरच साम्य येई, आणि याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. ज्या लांब आकृत्यांवरून आज आपण त्याला ओळखतो, त्या त्यानं ठरवून काढलेल्या नव्हत्या. शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांचं १९३८चं ‘सांताळ कुटुंब’ हे शिल्प पाहा. सिमेंट आणि जांभ्याची खडी, म्हणून तो खरखरीत पृष्ठभाग. गुळगुळीत करायचं म्हटलं असतं तर साहित्यानंच नकार दिला असता. माझ्या कामाची तुलना या मंडळींशी करायचा प्रश्नच नाही. मला फक्त हे कळून बरं वाटलं की हत्यार, साहित्य आणि अडचण यांचाही त्यात वाटा असतो, सगळं आपल्याच आतून यावं लागत नाही.

मार्चमध्ये अंतिम सादरीकरणाची कागदपत्रं. कामाविषयी तीनशे शब्दांचं निवेदन, प्रत्येक शिल्पाचं माप आणि वजन, मॉडेलचं लेखी संमतिपत्र (छायाचित्रांसाठी वेगळं, प्रदर्शनासाठी वेगळं), आणि एक प्रतिज्ञापत्र की काम जिवंत शरीरावरून साचा घेऊन केलेलं नाही. या शेवटच्या कागदावर आम्ही हसलो. पण रोदँवर १८७७मध्ये ‘कांस्ययुग’ या पुतळ्याबद्दल हाच आरोप झाला होता आणि त्याला मॉडेलचे फोटो पुरावा म्हणून द्यावे लागले होते. संमतिपत्रं पोझ सुरू व्हायच्या आधी घ्या. माझ्या वर्गातल्या एकाची मॉडेल मधेच दुसऱ्या गावी गेली आणि सहीसाठी त्याची धावपळ झाली.

निवेदन लिहिणं मला शिल्पापेक्षा जड गेलं. पहिल्या खर्ड्यात ‘अवकाश’, ‘अंतर्मुखता’ असले शब्द भरले होते. मग सगळं खोडून लिहिलं की साचा फोडताना खाचांत रंग राहतो, मी तो ठेवते, आणि कडा काढत नाही. उरलेल्या शब्दांत कसं करते ते लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न विचारला: ‘निळाच का?’ मी सांगितलं, कार्यशाळेत निळ्याचं पोतं होतं. ते हसले आणि मग बराच वेळ साबणाच्या थरांबद्दल विचारत राहिले, कारण साबण जाड लागला तर खाचांत रंग धरत नाही आणि पातळ लागला तर साचा सुटत नाही. माझा अंदाज आता असा बसला आहे: तीन पातळ हात, प्रत्येकानंतर कोरड्या कुंच्यानं जादा फेस उचलायचा, आणि खाचांत शेवटचा हात द्यायचाच नाही.

निकाल मेमध्ये लागला. पास. सफाईच्या रकान्यात या वेळी शेरा नव्हता. लॉकरची अनामत मूळ पावती दाखवल्यावरच मिळते. फोटो चालत नाही. प्लास्टरची कामं घरी नेताना आडवी ठेवू नका, मान तुटते. उभी ठेवून आजूबाजूला जुने कपडे ठासून भरा.

सध्या मी भाजलेल्या मातीकडे वळले आहे, कारण घरी प्लास्टरची खोली नाही. तिथे साचाच नाही, मग निळा थरही नाही. लोहाचा ऑक्साइड मिसळलेली पातळ माती खाचांत भरून उंच भाग स्पंजानं पुसून पाहते आहे. काम आतून पोखरून भिंत अडीच सेंटिमीटरच्या आत ठेवावी लागते आणि पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत घालता येत नाही, आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली की तुकडे होतात. चाचणीच्या फरशा दोनदा भाजून झाल्या. पहिल्या खेपेला ऑक्साइड फार झाला आणि सगळं काजळीसारखं काळं आलं. दुसऱ्या खेपेला निम्म्यानं कमी केला तर गडद तपकिरी आलं, पण वाळताना माती आकसते तशा खाचा अरुंद झाल्या आणि रंग कडेवर चढला. पुढच्या खेपेला रंग आधी न लावता, एकदा हलकं भाजून झाल्यावर लावणार आहे.